झाडलेली जागा

मोह पडायला लागला. पहाटे अंगणात उभं राहिलं की वास येतो. गोड, थोडा आंबूस, घशाशी रेंगाळणारा. सवय नसलेल्याला तो नकोसा होतो, आणि आम्हाला तो आल्याशिवाय उन्हाळा लागल्यासारखं वाटत नाही. माय नाक वर करून म्हणते, "आला वं," जणू कुणी पाहुणा दारात उभा आहे. मग खराटा घेते आणि रानाच्या कडेला असलेल्या आमच्या दोन झाडांकडे निघते.

पूर्वी झाडाखालचा पाला जाळायचे. आता जंगलखात्याचे लोक जाळू देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. म्हणून माय झाडते. दिवस कलायच्या आत झाडाखालची गोल जागा अशी लख्ख करते की तिथं जेवायला बसावं. पहाटेपासून फुलं टपटप पडतात ती स्वच्छ मातीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. पण झाडण्याला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे. झाडाखालची जागा झाडलेली दिसली की समजायचं, हे झाड कुणाचं तरी आहे. तिथं पाय ठेवायचा नाही. कुंपण नाही, पाटी नाही, सातबारा नाही, नुसती झाडलेली माती. लहानपणापासून मी ती कड ओलांडलेली नाही. कुणाच्या झाडाखालून चार फुलं घेतलीच, तर आपल्या झाडाची मूठभर त्या झाडवालीच्या टोपलीत टाकायची.

यंदा मोहाबरोबर मानसीताईंचा मेसेजही आला. "हाय! आम्ही इंडियात येतोय. मोहर्लीला तीन दिवस सफारी. अन्वीला तो तुमचा मोह दाखव ना, सारखी बोलते त्याबद्दल. आणि तू काय ठरवलंस ते तिथेच सांग."

काय ठरवायचं होतं ते आधी सांगते. मलेशियाच्या समुद्रकाठच्या एका छोट्या, सदा घामेजलेल्या शहरात दोन वर्षं त्यांच्या घरी राहायचं. तिथल्या कॉलेजात हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा करायचा, फी ते भरणार. बदल्यात घर आणि त्यांच्या मुलीला, अन्वीला, सांभाळायचं. मी यंदा बी.ए. होईन. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. पुढं काय, याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरात याआधी कधी आलाच नव्हता. त्यामुळे ताईंचा मेसेज दिवसातून चार वेळा उघडून बघत होते.

आणि तरी, हे लिहायला मला अवघड जातं आहे, मला त्या माणसांबद्दल तुच्छता वाटते. राग नाही. राग आला असता तर सोपं होतं. मी हा शब्द दोनदा खोडला आणि परत लिहिला. दुसरा सापडला नाही.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी महिनाभर त्यांच्याकडे होते. मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर मी सुट्टीत रिसेप्शनला बसायची. तिथं मानसीताई उतरल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, नऊ वर्षं तिकडे. जाताना म्हणाल्या, "तू किती साधी आहेस गं! ये आमच्याकडे एक महिना. अन्वीला मराठी शिकव, जग बघ. तिकीट आमचं." मी पासपोर्ट काढला. मोहाचा हंगाम तोंडावर होता, माय एकटी पडणार होती. ती म्हणाली, "जाय. मोह का पळून जाते? पुढल्या सालीही पडन."

ताई मला न्यायला आल्या होत्या. तिकडच्या विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि त्या किंचाळल्या, "आलो परत या भट्टीत!" मी मोबाइलमध्ये पाहिलं. तेहेतीस अंश. आमच्याकडे तेहेतीस झालं की म्हातारी माणसं म्हणतात, आज बरं हाय. चंद्रपुरात एप्रिलमध्ये दुपारी रस्ता पांढरा होतो, नळाचं पाणी चहाला घ्यावं असं येतं, आणि तरी भाजीवाल्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसलेल्या असतात. तिकडचा उकाडा वेगळा आहे, हे खरं. घाम वाळत नाही, कपाटातले कपडे दमट राहतात, दुपारी चारला आभाळ फुटतं आणि अर्ध्या तासानं रस्त्यातून वाफ निघते. पण ताईंना यातलं काही भोगावं लागत नव्हतं. घरात अठरावर एसी आणि सोफ्यावर पांघरूण. लिफ्टमध्ये एसी, गाडीत एसी, मॉलमध्ये एसी. लिफ्टपासून गाडीपर्यंतची तीस पावलं एवढाच त्यांचा उन्हाळा. आणि त्या तीस पावलांबद्दल त्या दिवसभर बोलायच्या.

सकाळी अन्वीची शाळेची गाडी. मग मोबाइल समोर ठेवून योगासनं. दहाला मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात मैत्रिणी. सगळ्या आपल्याकडच्या, सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या कारखान्यात मोठे साहेब. मीही जायची, कारण पिशव्या असायच्या. बोलणं रोज तेच. कढीपत्ता महाग आहे. आटा नागपूरसारखा मिळत नाही. (यातली एकही नागपूरला राहिलेली नव्हती.) इथले लोक आळशी आहेत. हवा कशी आहे ना! मग भारताचा विषय. भारतात किती धूळ. भारतात जायला हवं गं एकदा. भारतात काय राहिलंय आता. एकाच कपात या तिन्ही गोष्टी व्हायच्या आणि कुणालाही काही खटकायचं नाही.

नऊ वर्षांत ताईंना तिथल्या भाषेतले तीन शब्द आले होते. आभार मानायचा, किंमत विचारायचा, आणि चहात साखर कमी टाक म्हणायचा. मी महिन्याभरात याहून जास्त शिकले. यात माझं कौतुक नाही. मला कुणाशी तरी बोलायचं होतं, त्यांना नव्हतं.

त्या स्वतःला एक्स्पॅट म्हणायच्या. हा शब्द मला नवा होता. मी विचारलं, म्हणजे काय? ताईंचे यजमान, त्यांना मी साहेब म्हणायची, म्हणाले, "कामासाठी दुसऱ्या देशात राहतो तो." मी विचारलं, मग खाली बाग झाडणारी बाई पण एक्स्पॅट? ती इंडोनेशियातून आली आहे ना? साहेब हसले. "नाही गं. ती लेबर." मी भाबडेपणानं विचारलं होतं. आता वाटतं, मी आयुष्यात विचारलेला तो सगळ्यात बरा प्रश्न होता.

त्यांच्या घरात पांढरी संगमरवरी फरशी होती. मी बाल्कनीत कपडे वाळत घालून आत आले की पायांचे ओले ठसे उमटायचे. ताई मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायच्या, "पाय!" एवढंच. नाव नाही, पुसून ये नाही, नुसतं "पाय!" पहिल्यांदा मी दचकले. मग सवय झाली. शेवटी शेवटी त्यांनी म्हणायच्या आधीच माझा पाय उंबऱ्यावर अडायचा. परत आल्यावर हे मी मायला करून दाखवलं, तर ती पोट धरून हसली. आता आमच्या शेणानं सारवलेल्या घरात मी विहिरीवरून ओल्या पायानं आले की ती भाकरी थापता थापता, तव्यावरची नजर न काढता, अगदी ताईंच्या सुरात म्हणते, "पाय!"

अन्वीला मराठी शिकवायला मला नेलं होतं. ते रोज अर्धा तास चालायचं. उरलेल्या वेळात मी भांडी, कपडे, स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा. "तू घरचीच आहेस" असं म्हणून कामाला लावलं की कुणाला काही विचारता येत नाही. मी पण नाही विचारलं. विमानात बसवलं होतं मला त्यांनी.

अन्वी मात्र गोड पोरगी. सात वर्षांची. तिला गाडीपर्यंत सोडायला मी खाली जायची. सकाळचे सात वाजत यायचे तरी तिकडे नीट उजाडलेलं नसायचं, दिवे जळत असायचे. गाड्या लावायच्या जागेजवळ एक झाड होतं. त्याला छोट्या घंटीसारखी लालचुटूक, पाणीदार फळं लागायची. तिथं जांबू म्हणतात. रात्रीतून पडून खाली लाल सडा झालेला असायचा. अन्वी धावली उचलायला. मी तिचा हात धरून मागं ओढला. कारण खालची जागा झाडलेली होती. गोल, लख्ख, एक पान नाही. माझा पाय आपोआप कडेला थांबला होता.

"नको घेऊ," मी म्हटलं. "हे झाड कुणाचं तरी आहे."

"कुणाचं?"

"जिनं झाडलं तिचं."

मग मी तिला मोहाचं सगळं सांगितलं. मायची दोन झाडं, खराटा, कड, मूठभर परत टाकायची पद्धत. तिनं डोळे मोठे करून ऐकलं आणि शाळेतून आल्यावर आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर ताईंनी मैत्रिणींना सांगितलं.

"अगं, ती लेबर बाई रोज झाडते, तिचं कामच आहे ते! आणि ही बिचारी झाडाच्या मालकिणीला शोधतेय."

"तुमच्याकडे झाडांना पण मालकाचं नाव लावतात का गं?" एकीनं विचारलं.

"मोहाचं झाड म्हणे," ताई म्हणाल्या.

"मोह? म्हणजे दारूचं झाड!"

सगळ्या हसल्या. एकीनं डोळे मिचकावून विचारलं, "मग घरी कोण वेचतं? आई की बाबा?"

मी म्हणाले, "आमच्या घरी नाही. गावातले लोक वेचतात." आणि त्यांच्याबरोबर हसले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी माय आमच्या झाडाखाली उकिडवी बसून फुलं वेचत असणार, मधूनच जोरजोरानं बोलत असणार म्हणजे वाघ असेल तर दूर होईल. आणि मी थंडगार खुर्चीवर बसून सांगत होते की वेचणारी ती माझी माय नव्हेच. वर ज्या तुच्छतेबद्दल लिहिलं, तिचा मोठा वाटा या हसण्याचा आहे. ते हसणं माझं होतं. त्या बायकांना काय, त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी थोडी लवकर खाली गेले. ती बाई झाडत होती. बुटकी, डोक्याला रुमाल, मायच्याच वयाची. मी झाडाकडे बोट केलं, फळाकडे केलं, स्वतःकडे केलं. घेऊ का? ती आधी गोंधळली. मग तिला इतकं हसू आलं की खराट्यावर टेकून उभी राहिली. तिला तिथं काम करताना कुणी काही विचारलंच नसावं बहुधा. तिनं माझी ओढणी पसरायला लावली आणि भरून जांबू दिले. खिशातून मिठाची पुडी काढली. मीठ लावून फळ कसं खायचं ते दाखवलं. नाव सुलास्त्री. मी म्हटलं, आमच्याकडे पण स्त्री शब्द आहे, मी स्त्री, तू स्त्री. तिला काही कळलं नाही, पण परत हसली. पुढचे वीस दिवस आम्ही रोज भेटलो. तिनं मोबाइलमध्ये लेकीचा फोटो दाखवला, मी मायचा. त्यात माय टोपली घेऊन मोहाखाली होती. सुलास्त्रीनं फोटो बोटांनी मोठा केला आणि पहिल्यांदा मायचा चेहरा नाही, खालची माती बघितली. मग अंगठा वर केला. छान झाडलंय.

जांबू घेऊन वर गेले तर ताई म्हणाल्या, "शी! खाली पडलेलं घरात आणू नकोस हं." मी बाल्कनीत उभं राहून खाल्ले. हात धुऊन आत आले. "पाय!"

कुणी म्हणेल, परक्या देशातली चार श्रीमंत माणसं, त्यांच्यावर एवढं काय लिहायचं. पण मला ती आता सगळीकडे दिसतात. रिसॉर्टवर येतात, नवे कोरे हिरवे कपडे घालून, आणि वाघ दिसला नाही म्हणून माझ्याकडे असं बघतात जणू मी तो काउंटरखाली लपवलाय. घुग्घुसच्या साहेबांच्या कॉलनीत राहतात, खाणीच्या कोळशावर घर चालवतात आणि खिडकीवरच्या धुळीला नाक मुरडतात. त्यांचं राहणं नेहमी असं असतं, जिथं आहोत तिथं नाही आहोत असं. माती चपलेला लागू द्यायची नाही आणि वर म्हणायचं, इथली माती खराब आहे. नऊ वर्षं झाडाखालून जायचं आणि झाडणारीचं नाव माहीत नाही.

मी मात्र फार शहाणी आहे असं कुणी समजू नये. मेसेज मी दिवसातून चार वेळा उघडत होते, ते वर लिहिलंच आहे. डिप्लोमा खरा होता. तो असता तर रिसॉर्टवर मी काउंटरच्या मागं नाही, आतल्या केबिनमध्ये बसले असते. मायला रानात जाऊ नको म्हणता आलं असतं. गेल्या हंगामात शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचायला गेली ती परत आली नाही. तेव्हापासून माय झाडाकडे निघाली की मी घराच्या दारात उभी राहते आणि तिचा आवाज ऐकू येतो का बघते. दोन वर्षं "पाय!" ऐकून घ्यायचं. त्यात काय? इतक्या पोरी ऐकतात. मी हिशेब असा मांडायची आणि तो बरोबर यायचा. तरी झोप लागायची नाही.

मायला विचारलं. ती म्हणाली, "मले काऊन विचारतं? तुले तिथं बरं वाटते का, ते पाय." आमच्या बोलीत पाय म्हणजे बघ.

ताई, साहेब आणि अन्वी आज सकाळी आले. सूर्य नुकताच वर आला होता. झाडाखाली पिवळट फुलांचा सडा, माय आणि मी वेचत होतो. गाडी बांधापाशी थांबली. अन्वी धावत आली आणि झाडलेल्या जागेच्या कडेला एकदम थांबली. बुटांची टोकं अगदी रेषेवर.

"येऊ?" तिनं मायला विचारलं.

माय माझ्याकडे बघून हसली. "ये वं बाई. चपला काढून ये."

तिनं बूट काढले, मोजे काढले, आणि एक एक पाऊल जपून टाकत आली. मागून साहेब मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. ताई मात्र थेट आत आल्या. पांढरे बूट, फुलांवरून. "बापरे, काय गरम आहे गं! आणि हा वास! अन्वी, आंबतं ते, तोंडात घालू नकोस." मायनं टोपली बाजूला सरकवली. पाहुणे होते.

मग मायनं पदराची गाठ सोडून एक पुडकं काढलं. वाळलेला मोह. मला माहीत नव्हतं तिनं हे बांधून आणलंय. तिनं ते ताईंपुढं धरलं.

"हे त्या बाईले देजा."

"कुठल्या बाईला?"

"तुमच्या घराखालचं झाडते ते. माह्या पोरीनं तिच्या झाडाचं खाल्लं ना महिनाभर. मूठभर तिच्या टोपलीत पडाले पाह्यजे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण गं?"

"सुलास्त्री," मी म्हटलं.

"आई, ती जांबूवाली," अन्वी म्हणाली. तिच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या.

"ती होय! असेल किंवा नसेल. बदलत असतात गं ती माणसं, मी कुठे लक्ष ठेवू? आणि मावशी, हे नेता येत नाही. विमानतळावर फेकून देतील."

"मंग नाई," माय म्हणाली, आणि पुडकं परत पदरात बांधलं. गाठ नीट दोनदा मारली. मी तिच्या बोटांकडे बघत होते. त्या टेबलावर मी जिला नाकारलं ती हीच होती, आणि ती एका अनोळखी बाईच्या टोपलीची काळजी करत होती.

ताई म्हणाल्या, "मावशी, मुलगी द्या आम्हाला दोन वर्षं. इथे काय आहे तिला? आयुष्य बनेल तिचं."

"तिले विचारा," माय म्हणाली आणि पुन्हा वेचायला बसली.

"मग? बोल ना." ताईंनी गॉगल डोक्यावर चढवला. "नाटक नको हं आता. काय ठरवलंस?"

मी उकिडवी बसले होते. माझ्या तोंडासमोर त्यांचे बूट होते. एका टाचेखाली चार-पाच फुलं चेंगरून त्यांचा रस मातीत उतरला होता. चेंगरलेलं फूल वाळत नाही, ते कुजतं आणि टोपलीतलं बाकीचंही कुजवतं, म्हणून ते वेचत नाहीत. मी काय काय बोलायचं ते आठवडाभर पाठ करून ठेवलं होतं. ताई, तुमचे फार उपकार आहेत, पण. ताई, माझी परीक्षा. ताई, घरची अडचण. यातलं काहीच तोंडात आलं नाही. मी फुलांवरून नजर न काढता म्हटलं,

"पाय!"

त्या दचकल्या. पाय आपोआप उचलला गेला आणि एका बुटावर तोल सावरत त्या तशाच उभ्या राहिल्या, दुसरा कुठं ठेवायचा ते न कळून.

"म्हणजे? अगं, मी काही विचारतेय. उत्तर काय तुझं?"

माय वेचत होती. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"देल्लं ना बाई तिनं," ती म्हणाली.